मावशी कॅमेऱ्यात मावेना

"त्यात काय आहे! मी करतो."

एवढंच मी म्हणालो. तेही फोनवर, आणि तेही तोंडात मुळ्याच्या लोणच्याचा तुकडा असताना. पण पुढचे अठरा दिवस आमच्या घरात जे काही झालं, त्याचं मूळ शोधत गेलं तर ते या वाक्यापाशीच येऊन थांबतं. बी-श्या, म्हणजे माझी बायको, तर म्हणते की हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं की ती आधी मेणबत्त्या कुठे ठेवल्यात ते बघून ठेवते.

फोन सासूबाईंचा होता. त्या समुद्रकाठी, तुंगशीला, कालवांच्या गावात राहतात. त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त ब्राझीलहून त्यांच्या थोरल्या बहिणीनं, आमच्या लिएनमावशीनं, शुभेच्छांची फिल्म पाठवली होती. लिएनमावशी नवऱ्याच्या मागोमाग तिकडे गेली त्याला चाळीस वर्षं उलटली. शेवटची आली होती ती १९७६ साली. म्हणजे एकतीस वर्षांत दोघी बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि आता पंचाहत्तरीच्या मावशीच्या गुडघ्यांत विमानात बसण्याची ताकद उरलेली नव्हती. तेव्हा तिच्या मुलानं तिला खुर्चीत बसवलं, अकरा मिनिटं बोलतं केलं आणि ते सगळं एका चकतीवर भरून टपालात टाकलं.

ती चकती सासूबाईंच्या यंत्रात चालेना. त्यांच्याकडचं यंत्र गाणी म्हणण्याचं. गाण्यांच्या चकतीखेरीज दुसरं काही त्याच्या पोटात टिकत नाही.

"चुआंगजावई म्हणाले, मी लॅपटॉप घेऊन येतो," सासूबाई सांगत होत्या. "पण तो वहीएवढा पडदा. बारा टेबलं पाहुणे. टीव्हीवर दिसलं असतं तर बरं झालं असतं, जावईबापू. पण ते जमत नाही म्हणे."

चुआंग हे माझे साडू. तैपेईला कसल्याशा कंपनीत कसलेसे व्यवस्थापक आहेत. सासुरवाडीला येताना ते नेहमी असं काहीतरी घेऊन येतात, ज्याला बटणं असतात. "जमत नाही" हे त्यांनी म्हटलंय असं कळल्यावर माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं, यात माझा दोष कितीसा?

शिवाय मी हवेत बोललो नव्हतो. माझ्याकडे कॅमेरा होता.

हा कॅमेरा मी उन्हाळ्यात टीव्हीवरच्या विक्रीच्या कार्यक्रमात बघून मागवला होता. नाव 'सुवर्णगरुड'. मुठीएवढा, रुपेरी आणि इतका हलका की बी-श्यानं तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा कानाशी धरून हलवून पाहिला. खोक्यावर छापलं होतं, 'एकात नऊ'. चित्रण, फोटो, गाणी, ध्वनिमुद्रण, असं करत करत सातव्या क्रमांकावर, तांबड्या अक्षरांत, 'चित्रपट पाहा'. बरोबर टीव्हीला जोडायची वायरसुद्धा होती. मी चिआयीच्या जमीन नोंदणी कार्यालयात चोवीस वर्षं नकाशे विभागात आहे. छापील अक्षरावर विश्वास ठेवायचा, हा माझ्या नोकरीचा पायाच आहे. मावशीला कॅमेऱ्यात घालायचं, कॅमेरा टीव्हीला जोडायचा, बारा टेबलांनी टाळ्या वाजवायच्या. अठरा दिवस हातात होते. काम अठरा मिनिटांचं.

सासूबाईंनी चकती बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवली. मी ती संगणकात घातली, मावशीची फाइल कॅमेऱ्याच्या कार्डावर उतरवली, कार्ड कॅमेऱ्यात सरकवलं आणि बी-श्याला हाक मारली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'अनोळखी फाइल'.

"मावशीला अनोळखी म्हणतोय हा!" मी म्हणालो.

"एकतीस वर्षांत आली नाही," बी-श्या म्हणाली. "रस्त्यात दिसली असती तर मी तरी कुठे ओळखलं असतं?"

मी माहितीपुस्तिका उघडली. पान चौतीस. 'चित्रपट योग्य असल्यास चालेल. न चालल्यास चित्रपट योग्य नाही.' हे मी तीनदा वाचलं. आमच्या खात्याची परिपत्रकं लिहिणारा माणूस निवृत्त झाल्यावर कुठे लागला असेल, याचा मला त्या दिवशी पत्ता लागला.

आमच्या इमारतीत खाली फाँगबाईंची लाँड्री आहे. कपडे कुणाचेही असोत, बातमी तिथूनच धुऊन निघते. संध्याकाळपर्यंत वेंगांच्या, म्हणजे आमच्या, कॅमेऱ्यात कुणीतरी बाई अडकलीय, असं चौथ्या मजल्यापर्यंत पोचलं, आणि चौथ्या मजल्यावरचे लुओआजोबा खोडरबर घेऊन खाली आले. लुओआजोबांनी उभं आयुष्य रेडिओ दुरुस्तीत घालवलंय. जगातल्या सगळ्या बिघाडांचं कारण एकच, असं त्यांचं मत आहे.

"ढिला संपर्क," ते दारातूनच म्हणाले.

त्यांनी कार्डाचे पितळी दात खोडरबरानं घासले. फुंकर मारली. कॅमेऱ्यालाही मारली. मग माझ्याकडेही जरा संशयानं पाहिलं. मावशी अनोळखीच राहिली.

"मग नाव बदला," ते म्हणाले. "कॅमेरा आपल्या फिल्मांना कसली नावं देतो?"

आकडे देत होता. चित्र एक, चित्र दोन, चित्र तीन. आम्ही मावशीचं नाव बदलून 'चित्र तेरा' केलं. आणि काय सांगू, पडद्यावर चौकट उमटली! तेरा नंबर दिसला! लुओआजोबांनी माझ्या पाठीत थाप मारली. मी बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात लिहून आलं: 'लांबी शून्य सेकंद'. म्हणजे नाव पटलं होतं, माणूस पटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शर्ट आणायला गेलो तेव्हा फाँगबाई म्हणाल्या, "वेंगसाहेब, एवढं डोकं कशाला पिकवता? फोटोच्या दुकानात द्या. ते टीव्हीवर चालणारी चकती करून देतात. एक साधं यंत्र कुणाकडून मागून न्या. माझ्या भाचीच्या लग्नाचं तसंच केलं. दुपारी दिलं, संध्याकाळी मिळालं."

मी त्यांचे आभार मानले, आणि शर्ट घेऊन जिना चढताना त्यांचा मनापासून राग केला. सल्ला बरोबर होता, म्हणूनच तो घेणं शक्य नव्हतं. चकती मागवताना मी फोनवर "कॅमेऱ्यातून लावतो" असं म्हणून बसलो होतो. सासूबाईंनी ते चुआंगना सांगितलं होतं. चुआंगनी बी-श्याच्या बहिणीला म्हटलं होतं, "बघू या." हे "बघू या" मला रोज ऑफिसात ऐकू येत होतं.

मी संगणकावर बसून अभ्यास केला. तेव्हा समजलं की फाइलींमध्येही जाती असतात आणि एकीची दुसरी करून घ्यावी लागते. हे समजल्यावर मला एकदम माझ्या प्रांतात आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे शेतजमीन बिगरशेती करून घेतात, तसंच हे. मावशीला बिगरशेती करायचं होतं. त्यासाठी लागणारा प्रोग्राम मी उतरवून घेतला. त्यानं चार तास घेऊन मावशीला दुसऱ्या जातीत नेलं, आणि जाताना तिच्या कपाळावर, या कानापासून त्या कानापर्यंत, ठळक अक्षरं छापली: 'नमुना प्रत. कृपया नोंदणी करा.'

नोंदणी करा! मला! मी लोकांना रोज चाळीस वेळा म्हणतो ते वाक्य माझ्याच घरात, माझ्याच मावससासूच्या कपाळावर!

"राहू द्या तसंच," बी-श्या म्हणाली. "तुमच्या ऑफिसातली बाई वाटतेय."

कॅमेऱ्यानं ती प्रतही नाकारली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उलट्या बाजूनं चाललोय. कॅमेऱ्याला कोणती जात चालते हे आधी कॅमेरेवाल्यांनाच विचारायला हवं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ताइनानला 'सुवर्णगरुड ग्राहक समाधान केंद्रा'त गेलो.

समाधान सातव्या मजल्यावर होतं, एका दंतवैद्याच्या मागे. मी सत्तेचाळीस नंबरचा कागद घेऊन बसलो. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तरी त्यांनी शेहेचाळीस नंबर तीनदा पुकारला, थोडं थांबले आणि मग मला बोलावलं. काउंटरवर शे नावाच्या बाई होत्या. चष्मा कपाळावर, लोकरी बाह्या, समोर गरम पाण्याचा रिकामा थर्मास.

"बिघाड काय?"

"बिघाड नाही. फिल्म चालत नाही."

"आमच्या कॅमेऱ्यानं काढलेली?"

"नाही. ब्राझीलहून आलेली."

"मग कॅमेरा बरोबर आहे," शेबाई म्हणाल्या. "जी फिल्म त्यानं काढलीच नाही, ती तो कशाला चालवील? तुमच्या घरात कुणीही येऊन चहा मागायला लागलं तर द्याल?"

"कुणीही नाही हो, मावशी आहे!"

"ते कॅमेऱ्याला कसं कळणार?"

मी खोक्याचं झाकण पुढे केलं आणि सातव्या क्रमांकावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा खाली घेऊन वाचलं.

"'चित्रपट पाहा' असं आहे. कोणता, ते कुठे लिहिलंय? तक्रार करायची असेल तर हा अर्ज. यात बिघडलेल्या भागाचं नाव भरावं लागतं."

"बिघडलेला भाग नाहीच."

"मग अर्ज घेता येत नाही."

"बरं, मग आहे असं लिहितो."

"मग कॅमेरा जमा करावा लागेल. सहा आठवडे."

तेवढ्यात मला आठवलं की आदल्याच मंगळवारी मी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगितलं होतं, "आजोबा, नकाशात चूक नसेल तर दुरुस्तीचा अर्ज कशाला? आणि चूक असेल तर आधी ती दुरुस्त नकाशावर दाखवा." तो माझ्याकडे असाच बघत उभा राहिला होता. त्या वेळी मला तो मंद वाटला होता.

मग मी अर्ज बाजूला सारला आणि शेबाईंना सरळ सगळं सांगितलं. सासूबाई, मावशी, एकतीस वर्षं, गुडघे, बारा टेबलं. साडूंचंही सांगितलं. माझ्या मते, साडूंचं सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यात फरक पडला.

"माझी जाऊ तैपेईला असते," त्या म्हणाल्या. थोडा वेळ बोटांनी काउंटर वाजवला. "कॅमेऱ्याला काय चालतं ती माहिती अंतर्गत आहे. बाहेर देता येत नाही." मग त्यांनी खण उघडला, एक कागद काढला, काउंटरवर माझ्याकडे तोंड करून ठेवला आणि थर्मास उचलला. "मी गरम पाणी आणायला चालले. चार मिनिटं लागतात. या कागदाला कुणी हात लावायचा नाही."

"डोळे?"

"डोळ्यांबद्दल नियम नाही."

त्या गेल्या. लिहायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी त्या सत्तेचाळीस नंबरच्या कागदामागे भराभरा आकडे उतरवले. चित्राची रुंदी, उंची, सेकंदाला किती चित्रं, आणि अगदी खाली आवाजाच्या वेगाचा आकडा. चार मिनिटांनी बाई आल्या तेव्हा मी छताकडे बघत होतो. कागद शर्टाच्या खिशात घातला आणि, खरं सांगतो, जिन्यात मी शीळ घातली.

ऑक्टोबर असला तरी ताइनानला ऑक्टोबर कळत नाही. घरी पोचेपर्यंत शर्ट घामानं भिजला होता आणि खिशातल्या कागदावरची शाई पसरली होती. वरचे आकडे लागले. शेवटचा, आवाजाचा, लागेना.

"अठ्ठेचाळीस," बी-श्या कागद दिव्यासमोर धरून म्हणाली.

"चव्वेचाळीस," मी म्हणालो.

"अहो, खाली गाठ दिसतेय आठाची."

"ती शाई आहे. माझं अक्षर मला कळतं. नकाशे विभागात चोवीस वर्षं हेच अक्षर चालतंय."

चव्वेचाळीस ठरलं.

पहिला प्रोग्राम मावशीच्या कपाळावर छापायचा, म्हणून दुसरा शोधला. तो फुकट होता आणि त्याची सगळी बटणं रशियन भाषेत होती. एकेक बटण म्हणजे एकेक चार तास. पहिल्या खेपेला मावशी कॅमेऱ्यात आली! हलली! बोलली! फक्त उलटी, डोकं खाली. लुओआजोबा म्हणाले की ब्राझील पृथ्वीच्या खालच्या बाजूला असल्यामुळे असं होणं साहजिक आहे, आणि टीव्हीच उलटा ठेवा. दुसऱ्या खेपेला मावशी सुलटी झाली, पण बांबूसारखी उंच आणि बारीक. बी-श्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तिकडे खायला-प्यायला घालत नाहीत की काय हिला?" तिसऱ्या खेपेला चार तासांतली जेमतेम पंधरा मिनिटं उरलेली असताना फाँगबाईंनी नवी वाफेची इस्त्री लावली आणि अख्ख्या इमारतीची वीज गेली. मी जिन्यातून धावत खाली गेलो तेव्हा वाफेच्या ढगातून फाँगबाई म्हणाल्या, "सांगितलं होतं ना, फोटोच्या दुकानात द्या?"

चौथ्या खेपेला कॅमेऱ्यानं सांगितलं, 'कार्ड भरले आहे. सर्व पुसायचे?' मी 'होय' दाबलं. माझ्या मते कार्डावर विशेष काही नव्हतं. माझ्या मते. बी-श्याच्या पंखानृत्य मंडळाचा महापालिकेच्या सभागृहातला कार्यक्रम होता. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी ती होती. वर्षभर तालीम केली होती.

त्यानंतरचे दोन दिवस आमच्या घरात शांतता नांदली. भात वेळेवर मिळत होता, पण वाटी माझ्यासमोर ठेवली जाताना आवाज जरा मोठा येत होता. मला काही सांगायचं असेल तर ती लुओआजोबांना फोन करायची, आणि लुओआजोबा खाली येऊन सांगायचे, "कचरा तुम्ही टाकायचा आहे." तिसऱ्या दिवशी मी मंडळाच्या बारा बायकांकडे जाऊन त्यांचा नाच पुन्हा चित्रित करून देईन असं लेखी दिलं, तेव्हा ती बोलली. पहिलं वाक्य: "अठ्ठेचाळीस होतं ते."

पाचवी खेप कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठला संपली. मावशी सुलटी, योग्य जाडीची, कपाळ स्वच्छ. पहिलं मिनिटभर लावून पाहिलं. आवाज जरा चिरका वाटला, पण कॅमेऱ्याचा स्पीकर तो केवढा, मुगाच्या दाण्याएवढा. मी कॅमेरा रुमालात गुंडाळला आणि आम्ही निघालो.

तुंगशीला अंगणात मांडव घातला होता. बारा गोल टेबलं, लाल कापडं, आचाऱ्याच्या कढया, लांबच लांब शेवयांची परात, डुकराच्या पायांचा रस्सा, आणि टेबलाटेबलावर कालवं घातलेली अंड्याची पोळी. सासूबाई लाल जाकीट घालून मधोमध बसल्या होत्या. शेजारी सासरेबुवा. सासरेबुवांनी बावन्न वर्षं कालवं पिकवली. बोलायचं काम त्यांनी कालवांवरच सोडलेलं आहे. गावप्रमुखांनी आपला मोठा टीव्ही आणि गाण्यांचे दोन कपाटाएवढे स्पीकर आणून लावले होते.

"वेंगदादा, जमलं ना?" चुआंग खांद्याची पिशवी थोपटत म्हणाले. "नाहीतर माझ्याकडे लॅपटॉप आहेच."

मी वायरीची पिवळी, पांढरी, तांबडी अशी तीन टोकं टीव्हीच्या पिवळ्या, पांढऱ्या, तांबड्या भोकांत घातली, आणि बटण दाबलं.

पडदाभर लिएनमावशी आली. पिकलेले केस, फुलाफुलांचा झगा, मागे भिंतीवर केळीच्या घडांचं कॅलेंडर. बारा टेबलं "ओऽ" म्हणाली. टाळ्या पडल्या. चुआंग पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागले. तो क्षण माझ्या आयुष्यातला फार चांगला क्षण होता. साधारण चाळीस सेकंद टिकला.

मग मावशी बोलायला लागली, आणि त्या कपाटाएवढ्या स्पीकरांतून चिमणीचा आवाज आला. बारीक, चिवचिवता आणि गाडी सुटत असल्यासारखा घाईचा. मांडवात हशा पिकला. माझे कान तापले. बी-श्यानं माझ्या बरगडीत कोपर मारलं आणि ओठ न हलवता म्हणाली, "अठ्ठेचाळीस."

"अगं बाई!" सासूबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. "हा तर तिचा लहानपणचा आवाज! अस्साच होता, बोरू मोडल्यासारखा!"

तेवढ्यावर भागलं असतं. पण आवाजाची गाडी चित्राच्या पुढे पळायला लागली. तिसऱ्या मिनिटाला मावशीनं नाक शिंकरल्याचं ऐकू आलं, आणि सगळं संपून ती भलतंच काही बोलत असताना रुमाल बाहेर निघाला. आधी हसू यायचं आणि बऱ्याच वेळानं दात दिसायचे. टेबलांवर पैजा लागायला लागल्या, की आता हात कधी हलेल. चुआंग उठून उभे राहिले. "आवाज पुढे चाललाय! आई, बंद करू या. मी लॅपटॉपवर पाच मिनिटांत नीट करतो!"

"बसा खाली," सासूबाई म्हणाल्या. "ती काय म्हणतेय ते ऐकू द्या."

मावशी चिवचिवत होती: "आ-लुआन, एक गोष्ट एक्कावन्न वर्षं पोटात आहे. आता मरायच्या आधी सांगून टाकते. तुझ्या नवऱ्याचं स्थळ माझ्यासाठी आलं होतं. मी खिडकीतून पाहिलं, तर हा मुलगा आपल्या अंगणात शिंपल्यांच्या ढिगावरून घसरून पडत होता. मी आईला सांगितलं, माझं पोट दुखतंय, आणि चहाचा ट्रे तुझ्या हातात देऊन तुला बाहेर ढकललं. पोट दुखत नव्हतं. माफ कर मला."

बारा टेबलांनी एकदम सासरेबुवांकडे पाहिलं. पडद्यावरची मावशी मात्र अजून मजेत हसत होती, कारण चित्र आधी सांगून झालेल्या कुठल्याशा आंब्याच्या गोष्टीवर होतं.

गावप्रमुखांच्या हातात माइक होता, तो त्यांना आवरला नाही. "काका! बदलून घ्यायची मुदत संपली!"

मांडव फुटला. सासरेबुवांनी रश्श्यातला एक पाय उचलून वाटीत घेतला आणि खाली मान घालून खायला लागले.

"चल, ठेवते," चिमणी म्हणाली. "पायात मोजे घालत जा." आणि आवाज संपला. स्पीकर खरखरले, गप्प झाले.

चित्र संपलं नव्हतं. पडद्यावर मावशी अजून होती. ओठ हलत होते, हात मांडीवर घट्ट धरले होते, आणि चेहऱ्यावरून कळत होतं की ती आत्ता कुठे ते पोटदुखीचं सांगायला लागलीय. आवाज नाही. नुसता चेहरा. जवळजवळ मिनिटभराचं चित्र उरलं होतं. मी वायरीशी खाली बसून राहिलो. वर बघायची सोय नव्हती.

तेव्हा सासूबाई उठल्या. प्लॅस्टिकचं एक स्टूल ओढत टीव्हीसमोर नेलं आणि पडद्यापासून हातभर अंतरावर बसल्या. एक सांगायला हवं: इतकी वर्षं सणासुदीला ब्राझीलचा फोन आला की बोलायची ती मावशी. सासूबाई फक्त "हं" म्हणायच्या, "हो का" म्हणायच्या, आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घ्यायच्या.

"आता तू बोलून झालीस ना?" सासूबाई पडद्याला म्हणाल्या. "मग आता गप्प बस आणि ऐक. पोट दुखत नव्हतं हे मला माहीत होतं. तू आईला सांगायच्या आधीच मी तुझा निळा झंपर घालून बसले होते. ढकललंस म्हणे! मी निघालेच होते. तो घसरून पडला ना, तेव्हाच मला आवडला."

पडद्यावर मावशीनं डोळे पुसले.

"रडू नकोस. दुसरं ऐक. आई गेली तेव्हा तू आली नाहीस. मी चार वर्षं रागावले होते. तुला कळलंही नाही, कारण रागावून बोलायला लागले की मधे तूच बोलायचीस. आता राग गेलाय. पण सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं. मोजे मी घालते. तू गुडघ्याला आल्याचं तेल लाव."

मावशीनं मान हलवली. पडद्यावर तिनं नक्की कशाला मान हलवली ते तिलाच ठाऊक, पण ती अगदी वेळेवर हलली. मग ती कॅमेऱ्याकडे बघत नुसती बसली आणि चित्र संपलं.

आचाऱ्याच्या बायकोनं पदर नाही म्हणून अॅप्रन डोळ्यांना लावला. चुआंगनी लॅपटॉप पिशवीतून अर्धा बाहेर काढला होता.

"आई, द्या इकडे," ते हळूच म्हणाले. "आवाज आणि चित्र जुळवून देतो. कायमचं नीट होईल."

"हात लावायचा नाही!" सासूबाई कडाडल्या. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती माझं ऐकतेय. जावईबापू, आवाज संपतो तिथून परत लावा. माझं अजून राहिलंय."

मी परत लावलं. त्यांनी मामाच्या शेतावरच्या भांडणाचं सांगितलं. परत लावलं. मुलांच्या गोवराचं सांगितलं. टेबलावरची माणसं पुन्हा जेवायला लागली, शेवया फिरल्या, कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. चौथ्यांदा लावलं तेव्हा सासरेबुवा हात पुसत उठले. आपलं स्टूल घेऊन आले, सासूबाईंना कोपरानं जरा बाजूला सारलं आणि पडद्यासमोर बसले. मावशीचे ओठ हलायला लागेपर्यंत ते थांबले.

"बरं झालं, ताई," ते तिला म्हणाले, "तुमचं पोट दुखलं ते."

एवढं बोलून ते उठले आणि रश्श्याकडे परत गेले. सासूबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि त्या खेपेला उरलेलं सबंध मिनिट त्या एक शब्द बोलल्या नाहीत.